दांडिया बाजारातली एनएसटी: यंत्र जुनं, हात तयार

बडोद्यात दांडिया बाजारातल्या या प्रसूतिगृहाचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत. यंत्र जुनं, खोली अरुंद. तरी इथली एनएसटी, म्हणजे गरोदर बाईच्या पोटावर पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांची रेघ कागदावर काढायची नॉन-स्ट्रेस टेस्ट, चांगली, कारण बाळाला वेळ दिला जातो.

एनएसटीच्या कागदावर उमटतं ते बाळाच्या मज्जासंस्थेचं काम. हृदय आपल्या लयीत चालतं, व्हेगस नर्व्ह त्याला आवरते आणि सिम्पथेटिक नर्व्ह पळवतात. नवव्या आठवड्याच्या सुमाराला ठोके मिनिटाला १७०च्या आसपास असतात. पुढे व्हेगसचा ताबा वाढतो आणि दिवस भरताना ते ११० ते १६०मध्ये येतात. या ओढाताणीमुळे रेघ दातेरी निघते. दात्यांची उंची ६ ते २५ ठोके हवी. बाळ हललं की ठोके चढले पाहिजेत: ३२ आठवड्यांनंतर निदान १५ ठोक्यांनी, निदान १५ सेकंद, आणि २० मिनिटांत दोनदा.

अडतं ते इथेच. बाळ गाढ झोपलं तर २०, कधी ४० मिनिटंही रेघ शांत राहते. घाईच्या ठिकाणी लगेच ‘नॉन-रिॲक्टिव्ह’, म्हणजे ठोके पुरेसे चढले नाहीत, असं लिहून घरच्यांचा जीव टांगणीला लावतात. इथे पट्टा न सोडता ४० मिनिटं थांबतात आणि तरीही चढ दिसले नाहीत तरच सोनोग्राफीकडे पाठवतात. सपाट रेघ दिसली की बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला देतात ते स्टेरॉइडचं इंजेक्शन झालंय का, हेही विचारतात. त्या इंजेक्शनानंतर दोन-तीन दिवस दाते खरोखरच बसतात. हा प्रश्न विचारणारी सिस्टर म्हणजे जाणकार सिस्टर.

मांडणीही नीट. बाईला उताणं न झोपवता डावीकडे कलतं ठेवतात, नाहीतर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून आईचा रक्तदाब उतरतो आणि मागोमाग बाळाचे ठोकेही. पोट चाचपून बाळाची पाठ शोधतात, बाळाचे ठोके टिपणारा, जेल लावलेला प्रोब तिथे. कळा टिपणारा टोको वर, गर्भाशयाच्या माथ्याशी, कोरडाच; त्याला जेल लावायचं नसतं.

आता तक्रारी. सुरुवातीला आईची नाडी मोजून कागदावर लिहीत नाहीत, शंका आली तरच पाहतात. हे चूक आहे. प्रोब सरकला की यंत्र आईचेच ८०-९० ठोके छापत राहतं. कधी बाळाचे ठोके फार वेगात असताना त्याच्या निम्मेही दाखवतं. बोटं मनगटावर असतील तरच हे उमगतं. हालचालीचं बटण हातात देतात, पण कधी दाबायचं ते सांगत नाहीत. बाळ हललेलं जाणवलं की दर वेळी दाबा.

कागद थर्मल आहे, उन्हात आणि प्लास्टिकच्या पिशवीत पुसट होतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढून फाइलला लावा. सकाळी गर्दी असते, तासभर हाताशी ठेवा. आणि हालचाल कमी वाटत असेल, तर कालचा रिपोर्ट चांगला होता म्हणून थांबू नका, त्याच दिवशी पुन्हा या. त्यासाठी इथे परत पाठवत नाहीत.