सात संध्याकाळी आणि एक वही : ‘द मॅरेज कोर्स’चं परीक्षण

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ‘नवरा-बायकोंसाठी कोर्स’ जाहीर झाला की निम्मे नवरे मनातल्या मनात कारण शोधायला लागतात. भीती एकच असते : चारचौघांत घरातलं काढायला लावतील आणि पुढच्या रविवारी ते ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून सगळीकडे फिरेल. म्हणून आधी हे सांगायला हवं, की ‘द मॅरेज कोर्स’मध्ये गटचर्चा नाही. कुणी उभं राहून आपला अनुभव (साक्ष) सांगायचा नाही, शेजारच्या टेबलाशी बोलायचं नाही, पाळकांना म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना काही सांगायचं नाही. बोलायचं ते फक्त आपल्या माणसाशी. कोर्सची निम्मी ताकद या एका नियमात आहे.

निकी आणि सिला ली या जोडप्याने १९९६ मध्ये लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन चर्चमध्ये हा कोर्स सुरू केला. आज अल्फा या ख्रिस्ती संस्थेमार्फत अनेक देशांतल्या मंडळ्या तो चालवतात. सत्रं सात, सहसा आठवड्याला एक, जेवण धरून दोन-अडीच तासांचं. एकत्र जेवण होतं, मग चित्रफितीवर भाषण सुरू होतं आणि ते मधेमधे थांबतं. थांबलं की कोर्सची वही उघडायची, लिहायचं आणि पाच-दहा मिनिटं एकमेकांशी बोलायचं. मागे संगीत चालू असतं. ते वातावरणासाठी आहे असं वाटतं, पण खरं काम आवाज झाकण्याचं. शेजारच्या जोडप्याचं बोलणं कानावर पडलं की आपलंही बोलणं आपोआप सभ्य आणि पोकळ होतं.

आयोजकांच्या चुका बहुतेक इथेच होतात. टेबलं चिकटून लावली जातात, संगीत बंद ठेवलं जातं, दिवे लख्ख असतात. त्याहून वाईट म्हणजे जेवण लांबलं की संवादाची मिनिटं कापली जातात. भाषण कापा, घोषणा कापा, पण ती दहा मिनिटं कापू नका. बाकी सगळं चित्रफितीवर कधीही बघता येतं. नाव नोंदवण्याआधी मंडळीला सरळ विचारा, टेबलांमध्ये अंतर किती ठेवता आणि संवादाला पूर्ण वेळ देता का. उत्तर गुळमुळीत आलं तर दोघांनी घरी बसून केलेला बरा. ऑनलाइन करणाऱ्यांनी संवादाच्या वेळी माइक आणि कॅमेरा दोन्ही बंद आहेत याची खात्री करावी आणि मुलं झोपल्यावरची वेळ घ्यावी.

सात विषय असे : नातं घट्ट करणं, संवाद, मतभेद सोडवणं, क्षमा, माहेर-सासरचा प्रभाव, शरीरसंबंध आणि कृतीतून प्रेम. सगळे सारख्या वजनाचे नाहीत. शेवटचं सत्र शब्द, वेळ, स्पर्श, भेट आणि मदत यांपैकी आपल्याला प्रेम कशातून पोचतं ते क्रमाने लावायला सांगतं. उपयोगी आहे, पण बऱ्याच जणांना ते आधीच ठाऊक असतं. शरीरसंबंधाचं सत्र ऐकायला लोक धास्तावून येतात. तिथेही कुणाला काही विचारत नाहीत आणि भाषा सभ्य आहे.

दुसऱ्या सत्रातला ऐकण्याचा सराव मात्र एकट्यानेच कोर्स वसूल करून देतो. एकाने मनात सलणारी एक गोष्ट सांगायची, आणि ती शक्यतो जोडीदाराबद्दलची नको. दुसऱ्याने ऐकायचं आणि ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. मग विचारायचं, ‘यातलं तुला सगळ्यात जास्त काय लागतंय?’ त्याचंही उत्तर परत सांगायचं. पुढे, ‘याबद्दल तुला काय करावंसं वाटतं? मी काही करावं असं वाटतं का?’ आणि शेवटी, ‘अजून काही सांगायचं राहिलंय?’

हे ऐकायला बालवाडीतलं वाटतं. करायला बसलं की कळतं. समजा ती म्हणाली, ‘आईच्या तपासणीचे कागद मीच घेऊन फिरतेय, भाऊ फोनही करत नाही.’ तो चटकन म्हणतो, ‘मग त्याला सांग ना सरळ.’ सराव तिथेच मोडला, कारण तिला उपाय नको होता. नीट परतवलं तर असं येतं : ‘आईचं सगळं तुझ्या एकटीवर आलंय आणि भावाने विचारलंसुद्धा नाही.’ आता पुढचा प्रश्न विचारला की ती बहुधा कागदांबद्दल बोलणार नाही. ‘मी लहानपणापासून अशीच गृहीत धरली जातेय,’ असं काहीतरी येईल. मूळ गोष्ट त्या प्रश्नाला बाहेर येते आणि सल्ला पहिल्याच वाक्याला दिला की ती कधीच येत नाही. दुसरी हमखास चूक म्हणजे पोपटासारखं शब्दन् शब्द परत म्हणणं, आणि तिसरी म्हणजे ‘पण’. ‘पण’ आला की ऐकणं संपलं आणि बचाव सुरू झाला.

मतभेदांच्या सत्रात गेंडा आणि हेजहॉग (साळिंदरासारखा छोटा काटेरी प्राणी) असे दोन स्वभाव सांगतात : एक अंगावर धावून जातो, दुसरा काटे काढून गोळा होतो. लोक हसतात आणि मग आपण यातले कोण ते वहीत लिहिताना गप्प होतात. इथली काढून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे बसण्याची पद्धत. समोरासमोर न बसता शेजारी बसा आणि वादाचा मुद्दा कागदावर लिहून दोघांच्या समोर ठेवा. रात्री दहानंतर वाद वाढवायचा नाही, दोघांपैकी कुणीही तो दुसऱ्या दिवसावर टाकू शकतो, हा नियमही चांगला. सूर्य मावळण्याआधी राग सोडावा असं बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या ४:२६ मध्ये आहे, मग हे कसं? वचन राग धरून ठेवू नका म्हणतं, शाळेच्या फीचा निर्णय मध्यरात्रीच लावा असं म्हणत नाही. फक्त पुढे ढकलताना वेळ ठरवा. नाहीतर हेजहॉगला तो नियम म्हणजे पळवाटच मिळते.

क्षमेचं सत्र सगळ्यात जड. दोघांनी आपल्याला काय दुखलं ते लिहायचं, वह्या बदलायच्या, वाचायचं आणि माफी मागायची. वाचताना खुलासा करायचा नाही. ‘माफ कर, पण त्या वेळी मी दमलो होतो’ ही माफी नव्हे. या सत्रानंतर घरी मुलं वाट बघत असतील असं नियोजन करू नका. मुलांना त्या रात्री आजी-आजोबांकडे किंवा मैत्रिणीकडे ठेवता आलं तर ठेवा.

जिथे मारहाण, धमक्या, व्यसन किंवा चालू असलेले विवाहबाह्य संबंध आहेत, त्या घरासाठी हा कोर्स नाही. घाबरलेल्या माणसाच्या हातात ‘काय दुखलं ते लिही’ म्हणून वही देणं धोक्याचं आहे, कारण ती वही घेऊन ज्याची भीती वाटते त्याच्याबरोबरच घरी जायचं असतं. तिथे आधी सुरक्षितता, मग प्रशिक्षित समुपदेशक. सत्तर वेळा सात क्षमा करायला सांगणाऱ्या वचनाचा अर्थ मार खात राहा असा होत नाही, हे पाळकांनी पहिल्याच सत्रात स्पष्ट म्हणावं.

माहेर-सासरच्या सत्रात वर्तुळं काढून आपल्या घरातली नाती रेखाटायची असतात. पुरुष आईबापाला सोडून पत्नीशी जडून राहील, हे उत्पत्ती २:२४ लग्नात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ‘सोडणं’ म्हणजे घर सोडणं नव्हे, निर्णय आधी कुणाशी बोलायचा तो क्रम बदलणं, हे त्या वर्तुळांवरून कळतं. आईवडिलांबरोबर राहणाऱ्यांनी वही कुलपात ठेवावी. हे गमतीने लिहिलेलं नाही.

आता तक्रार. कोर्स ख्रिस्ती तत्त्वांवर उभा असला तरी श्रद्धा नसलेल्या जोडप्यांनाही बसता यावं असा बेतलेला आहे. त्यामुळे शेजाऱ्यांना बोलावता येतं, हे खरंच मोठं. पण दोघांनी मिळून प्रार्थना कशी करायची हे शिकायला आलेल्या जोडप्याला तो फिका वाटेल. बायकांनी नवऱ्याच्या ‘अधीन असा’ या वचनावरून ख्रिस्ती घरांत खरे वाद होतात आणि त्यावर स्वतंत्र सत्र नाही. ही भर घरी घालावी लागते. इफिसकरांस पत्राचा ५ वा अध्याय वाचताना २२ व्या ओवीपासून सुरू न करता २१ पासून करा, कारण तिथे एकमेकांच्या अधीन असण्याबद्दल आहे. मग नवऱ्यांना बायकोवर प्रेम करायला सांगणाऱ्या २५ वर थांबा आणि नवऱ्याने त्यावर बोलावं. १ पेत्र ३:७ तर नवऱ्याला सांगतं, की बायकोशी नीट वागला नाहीस तर प्रार्थनेतच अडथळा येईल.

कोर्स दर आठवड्याला दोघांसाठी दोन तास राखायला सांगतो. त्याच्या शेवटी पाच मिनिटं प्रार्थनेला जोडा : प्रत्येकाने आभाराची एक गोष्ट आणि दुसऱ्यासाठी एक मागणी. मागणी दुसऱ्याला विचारून घ्यायची. ‘प्रभू, हिला शांत स्वभाव दे’ ही प्रार्थना नाही, तो टोमणा आहे.

लग्न ठरलेल्यांसाठी पाच सत्रांचा वेगळा कोर्स आहे, तोच घ्या. आईबापांसाठीचेही दोन आहेत, लहान मुलांच्या पालकांसाठी एक आणि किशोरांच्या पालकांसाठी एक. पण तिकडे जाण्याआधी हा करा. मुलांना शिस्त कशी लावायची यावर दोघांचं जुळत नसेल, तर इथलं मतभेदांचं सत्र आधी लागेल. सात आठवड्यांत एखादं सत्र चुकलंच तर क्षमेचं चुकवू नका आणि संवादाचं आधी झालेलं असू द्या. ऐकण्याचा सराव न करता क्षमेची यादी हातात घेतली की तिचं आरोपपत्र होतं.