मूळ बिले बँकेत आणि माल ग्राहकाच्या गोदामात : ६९,८४० डॉलर कसे बुडाले

एकूण ८७,३०० डॉलरचे तयार कपडे मी जहाजावर चढवले, त्यापोटी १७,४६० डॉलर आगाऊ मिळाले आणि उरलेल्या ६९,८४० डॉलरवर आज पाणी सोडण्याची वेळ आली आहे. माल समुद्रात बुडाला नाही, जळाला नाही किंवा सदोष ठरून परतही आला नाही. तो अमेरिकेतल्या ठरलेल्या बंदरात वेळेवर उतरला आणि मालकीची मूळ कागदपत्रे बँकेत पडून असताना ग्राहकाने तो उचलून नेला. ‘पैसे दिल्याशिवाय कागद नाहीत आणि कागदांशिवाय माल नाही’ या भरवशावर जे उत्पादक निर्धास्त आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. हा भरवसा मला देणारी माणसे या धंद्यात मुरलेली होती, हेही आधीच नमूद करतो.

सुरुवात कशी झाली ते लांबवून सांगण्यात अर्थ नाही, कारण ती सगळीकडे तशीच असते. पहिली ऑर्डर ३,००० पोलो टी-शर्टची होती. दर नगाला ४.९० डॉलर, म्हणजे १४,७०० डॉलर. आणि ही सगळी रक्कम माल निघण्याआधीच खात्यात जमा झाली. दुसरी ऑर्डर १८,००० नगांची आली. ‘पिके’ विणीचे सुती कापड, चौरस मीटरला २२० ग्रॅम वजनाचे, चार रंग, दर ४.८५ डॉलर एफओबी (माल जहाजावर चढवेपर्यंतचा खर्च माझा, पुढचे भाडे ग्राहकाचे), २० टक्के आगाऊ आणि बाकी रक्कम बँकेमार्फत कागदपत्रांच्या बदल्यात. त्याआधी ‘पुरवठादार नोंदणी’ म्हणून १,१५० डॉलर भरायला लावले आणि लेबले व टॅग त्यांनी नेमून दिलेल्या पुरवठादाराकडूनच, २,१६० डॉलर देऊन घ्यायला लावले. यात संशय घेण्यासारखे काय होते, असे मी आजही विचारतो. मोठे ग्राहक प्रयोगशाळा नेमून देतात, बटणे आणि लेबले नेमून देतात, कारखान्याच्या तपासणीचा खर्चही उत्पादकाच्याच माथी मारतात. ज्या धंद्यात नाडले जाणे हीच रीत झाली आहे, तिथे लबाड कोण आणि रीतसर ग्राहक कोण, हे पहिल्या पत्रावरून ओळखणे सोपे नाही.

एल.सी., म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची बँकेची हमी, का मागितली नाही, हा प्रश्न मला प्रत्येक शहाण्याने विचारला आहे. मी मागितली होती. उत्तर आले की त्यांच्या कंपनीचे कोणतेच व्यवहार एल.सी.वर होत नाहीत आणि मला अडचण असेल तर दुसरे तीन कारखाने तयार आहेत. हे उत्तर खोटे वाटण्याचे कारण नव्हते. १ जानेवारी २००५ पासून कापड आणि कपड्यांच्या व्यापारातला कोटा संपला, कोणत्याही देशातून हवा तेवढा माल घेण्याची मुभा ग्राहकांना मिळाली आणि सौद्याच्या अटी ठरवण्याची ताकद त्यांच्याच हाती गेली. २०२० मध्ये तर नामांकित विक्रेत्यांनी शिवून तयार झालेल्या ऑर्डर एका ईमेलवर रद्द केल्या, तेव्हा कराराचा कागद कुणाच्या कामी आला नाही. शिलाईच्या लाइन रिकाम्या असल्या तरी पगार थांबत नाही, आणि हंगामातली एक ऑर्डर हातची गेली की पुढचा हंगाम येईपर्यंत कारखाना धरून ठेवणे किती महाग पडते, हे एल.सी.चा सल्ला देणाऱ्यांनी एकदा अनुभवून पाहावे.

मालाबद्दल कुणी शंका घेऊ नये म्हणून तपासणीचा तपशील देतो. अंतिम तपासणी ग्राहकानेच नेमलेल्या निरीक्षकाने केली. १८,००० नगांच्या लॉटमधून ३१५ नग काढले गेले, एक्यूएल २.५ या दोषमर्यादेप्रमाणे त्यांत १४ पर्यंत दोष चालतात, पंधराव्याला लॉट नापास होतो. माझ्या मालात ९ निघाले, आणि तेही बहुतेक न कापलेल्या धाग्यांचे. निरीक्षकाने ‘पास’ असे लिहून सही केली, आणि त्या अहवालाची प्रत आजही माझ्याकडे आहे.

आता त्या क्षणाबद्दल, ज्याने माझी झोप उडवली आहे. माल बंदराकडे निघाल्यावर फॉरवर्डरकडून, म्हणजे जहाजाची व्यवस्था पाहणाऱ्या मध्यस्थाकडून, बिल ऑफ लेडिंगचा मसुदा तपासण्यासाठी आला. माल जहाजावर चढल्याची पावती आणि पलीकडे तो सोडवण्याचा कागद, तो हाच. ‘कन्साइनी’च्या, म्हणजे माल कुणाला द्यायचा त्याच्या, चौकटीत ‘बँकेच्या आदेशानुसार’ असा मजकूर असायला हवा होता, तिथे सरळ ग्राहक कंपनीचे नाव छापलेले होते. मी ते पाहिले, आणि विचारलेही. ग्राहकाच्या मर्चंडायझर बाईंचे उत्तर अर्ध्या तासात आले, गोड भाषेत आणि खात्रीच्या सुरात : त्यांच्याकडच्या कस्टम्सची कागदपत्रे आधीच त्या नावाने भरली आहेत, आता बदल केला तर कंटेनर या जहाजावर चढणार नाही, पुढचे जहाज आठवड्याने आहे आणि उशीर झाला तर माल विमानाने पाठवण्याचा खर्च पीओतल्या (खरेदी-आदेशातल्या) अटीप्रमाणे माझ्याकडून घेतला जाईल. कट-ऑफ, म्हणजे त्या जहाजासाठीची शेवटची वेळ, त्याच संध्याकाळी होती. मी ‘मंजूर’ असे कळवले. मूळ तिन्ही प्रती आपल्याच हाती येणार आहेत, त्या बँकेत जातील आणि बँक पैसे घेतल्याशिवाय त्या सोडणार नाही, हा विचार त्या वेळी कोणत्याही निर्यातदाराने केला असता. एखाद्या अनोळखी माणसाच्या हातात घराची किल्ली द्यावी आणि कुलूप आपण लावले आहे या समाधानात राहावे, तशी ती मंजुरी होती, हे नंतर कळले.

याच मसुद्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. सही फॉरवर्डरची होती, ‘एजंट म्हणून’. पण कोणत्या वाहकाचा एजंट, याचा कुठेच पत्ता नव्हता. एल.सी. असती तर हा कागद पुढे सरकलाच नसता. एल.सी.च्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या, म्हणजे यूसीपी ६०० च्या, कलम २० प्रमाणे बिलावर वाहकाचे नाव आणि त्याची, कप्तानाची किंवा त्यांच्या नामनिर्देशित एजंटची सही लागते, आणि कलम १४ प्रमाणे बँकेला पाच बँक-दिवसांच्या आत कागदांची छाननी करून निर्णय द्यावा लागतो. कलेक्शनमध्ये, म्हणजे बँकेमार्फत कागदांच्या बदल्यात पैसे घेण्याच्या माझ्या पद्धतीत, मात्र यूआरसी ५२२ हे नियम लागू होतात, आणि त्यानुसार बँक फक्त यादीतले कागद आले की नाही एवढेच बघते. त्या कागदांवर काय लिहिले आहे, हे वाचणे तिचे काम नाही. कागद बँकेतून जात आहेत म्हणजे कुणीतरी ते तपासत असेल, या समजुतीत कुणी राहू नका. तपासणारे शेवटचे तुम्हीच आहात.

एफओबीमध्ये जहाजाचे भाडे ग्राहक भरतो, म्हणून फॉरवर्डरही तोच नेमतो, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याचा अर्थ मात्र फारच थोड्यांनी पुरता ध्यानात घेतला आहे. शिपिंग लाइन आपले मास्टर बिल फॉरवर्डरच्या नावाने देते आणि माल पलीकडच्या बंदरातल्या त्याच्या माणसाच्या ताब्यात जातो. आपल्या हाती येते ते फॉरवर्डरचे हाउस बिल. मूळ हाउस बिल परत घेतल्याशिवाय माल सोडायचा नाही, हे बंधन पाळणारा माणूसच जर ग्राहकाचा असेल, तर आपल्या तिजोरीतल्या तीन प्रतींना रद्दीचीही किंमत नाही. त्यातच बिल थेट ग्राहकाच्या नावावर असेल तर अशा अहस्तांतरणीय बिलावरचा माल नाव असलेल्या कन्साइनीलाच दिला, असे म्हणायला वाहकाला वाव मिळतो. म्हणजे त्या चौकटीतल्या एका ओळीने माझी बाजू कायद्यातही लंगडी केली. अमेरिकेकडे माल नेणाऱ्या अशा बिल-दात्यांची नोंद तिथल्या फेडरल मेरिटाइम कमिशनकडे असते आणि ती यादी कुणालाही फुकट बघता येते. माझ्या फॉरवर्डरचे नाव त्या यादीत नाही. ही यादी बघायला दोन मिनिटे लागतात, आणि ती आहे हे मला माल गेल्यानंतर समजले.

बँकेकडून ‘ग्राहकाने अद्याप कागद सोडवले नाहीत’ असे निरोप येत राहिले. शेवटी मी शिपिंग लाइनच्या संकेतस्थळावर कंटेनरचा नंबर टाकला. नोंदी एकाखाली एक होत्या : जहाजातून उतरवला, भरलेला कंटेनर बंदराबाहेर गेला, रिकामा कंटेनर यार्डात परत. त्याच दिवशी बँकेने मला लेखी कळवले होते की मूळ प्रती समोरच्या बँकेत सुरक्षित आहेत. कंटेनरचा मागोवा रोज घ्या; जहाज बंदराला लागल्यावर तर सकाळ-संध्याकाळ घ्या.

त्यानंतर ग्राहकाची तक्रार आली. रंगात फरक आहे, धुतल्यावर कापड मर्यादेपेक्षा जास्त आटते आणि त्यामुळे माल स्वीकारता येत नाही. ज्या मालाला त्यांच्याच निरीक्षकाने पास केले, जो माल अधिकृतपणे त्यांच्या ताब्यात आलेलाच नाही, त्याच्या धुलाईची चाचणी त्यांनी कशावर केली, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. त्याऐवजी तडजोडीचा प्रस्ताव आला : नगाला १.६० डॉलर दराने २८,८०० डॉलर, त्यातून आगाऊ दिलेले १७,४६० वजा, म्हणजे ११,३४० डॉलर घ्या आणि हिशेब पूर्ण झाल्याचे लिहून द्या. मी नकार दिला, आणि त्यानंतर फोन बंद झाले. ज्या ब्रँडची लेबले मी पैसे मोजून घेऊन शिवली होती, त्या ब्रँडच्या कार्यालयाने कळवले की या नावाच्या कंपनीशी आमचा संबंध नाही. ब्रँडचे लेबल लागलेला माल दुसऱ्याला विकता येत नाही, त्यामुळे तो परत मिळाला असता तरी कुठे ठेवायचा हा प्रश्नच होता. नेमून दिलेली लेबले शिवण्याआधी त्या ब्रँडकडून लेखी खातरजमा करून घ्या. ग्राहक रागावला तर रागावू द्या.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याबद्दल. माझ्या बँकेने यूआरसी ५२२ चे कलम पुढे केले : दुसऱ्या बँकेने सूचना पाळल्या नाहीत तरी सूचना देणारी बँक जबाबदार नाही. बरे, त्या बँकेनेही काही चुकवलेले नाही, कागद तिने सोडलेच नाहीत! पोलिसांनी अर्ज वाचून सांगितले की हा दिवाणी स्वरूपाचा व्यवहार आहे. सायबर शाखेने सांगितले की फसवणूक ऑनलाइन झालेली नाही, माल तर जहाजाने गेला. पत्रव्यवहार सगळा ईमेलवर आहे असे म्हटल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्या ठाण्याकडे बोट दाखवले. परदेशातल्या आपल्या वकिलातीने सहानुभूतीचे पत्र आणि वकिलांची यादी पाठवली. त्या यादीतल्या एका वकिलाने २,४०० डॉलर घेऊन अभिप्राय दिला की पीओच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात न्यायालयाचे क्षेत्र ग्राहकाच्या शहरातले लिहिले आहे आणि दावा लावण्याचा खर्च वसुलीच्या मानाने जड जाईल. निर्यातदारांच्या संघटनेने माझी वर्गणी भरलेली आहे की नाही याची आधी चौकशी केली आणि मग सांगितले की सदस्यांच्या वैयक्तिक वादात संघटना पडत नाही. सागरी विम्याच्या कंपनीने, अर्थात बरोबरच, सांगितले की माल हरवणे किंवा खराब होणे यासाठी विमा आहे, पैसे न मिळण्यासाठी नाही. त्यासाठी वेगळा पतविमा असतो आणि तो माल निघण्याआधी घ्यावा लागतो. तो घ्या. विमा कंपनी त्या ग्राहकावर मर्यादा द्यायला नाखूश असेल, तर त्या नकारातच तुमचे उत्तर आहे.

या सगळ्यावर कडी म्हणजे आता परकीय चलनाच्या नियमांखाली मलाच पत्रे येत आहेत. निर्यातीचे पैसे मुदतीत का आणले नाहीत, याचा खुलासा करा. न केल्यास पुढच्या शिपमेंटवर निर्बंध येतील. ज्याचे लुटले गेले त्यालाच लुटीचा हिशेब विचारणारी ही व्यवस्था आहे, आणि तिच्या प्रत्येक पत्राला मुदतीत उत्तर देण्यात माझा एक कारकून गुंतला आहे. नोंदणी शुल्क, लेबले आणि वकिलाचे पैसे धरून माझे एकूण नुकसान ७५,५५० डॉलर आहे. यातला एक डॉलरही या खुलाशांनी परत येणार नाही.

कंटेनरच्या मालासाठी एफओबीऐवजी एफसीए (माल ठरल्या जागी ग्राहकाच्या वाहकाकडे सोपवण्याची अट) वापरा असे इनकोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापार-अटींचे मार्गदर्शन सांगते, पण केवळ शब्द बदलल्याने काही होत नाही, कारण एफसीएमध्येही वाहक ग्राहकच नेमतो. जमल्यास भाडे स्वतः भरा, सीआयपी (भाडे आणि विमा धरून) दर द्या आणि जहाज स्वतः ठरवा. ते जमत नसेल तर निदान शिपिंग लाइनचेच बिल घ्या आणि ते बँकेच्या आदेशानुसार काढून घ्या. पहिली ऑर्डर रोख मिळाली याला काडीचीही किंमत देऊ नका. पीओची मागची बाजू वाचा.

ओळखीच्या एका उत्पादकाकडे नुकतीच अशीच एक पीओ आली. कंपनीचे नाव वेगळे आहे, पत्ता वेगळा आहे. पण मागच्या अटी शब्दशः त्याच आहेत, फॉरवर्डर तोच आहे आणि नोंदणी शुल्क तेवढे वाढून १,४०० डॉलर झाले आहे. त्याने ना भांडण केले ना शंका दाखवली. बिल शिपिंग लाइनचे हवे आणि बँकेच्या आदेशानुसार हवे, एवढीच अट त्याने कळवली. तिकडून अजून उत्तर आलेले नाही.