पानेत्तोने बघायला, पानफोर्ते खायला

धाकटीनं गेल्या वर्षी नोव्हेंबरात मोबाइलवर घुमटासारखा एक फुगलेला पाव दाखवला आणि म्हणाली, "बाबा, यंदा नाताळला हा आणायचा." पानेत्तोने. मिलानचा. म्हटलं, कोल्हापुरात काय मिळत नाही! राजारामपुरीतल्या तीन आणि शाहूपुरीतली एक बेकरी पालथी घातली. प्लम केक आहे, मावा केक आहे. एकानं विचारलं, "इटालियन म्हणजे पिझ्झ्याचा बेस का?"

शेवटी पुण्यात कॅम्पातल्या एका आयात मालाच्या दुकानाला फोन लावला. पाऊण किलोचा पानेत्तोने १,९०० रुपये आणि पाव किलोचा पानफोर्ते १,१५०. पानफोर्ते म्हणजे इटलीचीच दुसरी एक मिठाई, ती मी मागितलीच नव्हती. "साहेब, एकाच पार्सलात जाईल, घेऊन टाका," म्हणून त्यानं ती गळ्यात मारली. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं माल निघाला, पहाटे कावळा नाक्यावर मी उतरवून घेतला. पानेत्तोनेचा खोका एका कुशीवर चेपलेला, आणि तारीख संपायला जेमतेम तीन आठवडे. दुकानदाराचं उत्तर, "चालतंय हो तेवढं." मला नाही चाललं.

तरी मालाला नावं ठेवणार नाही. उलटा करून बघा, बुडाशी भोकं दिसतात. हा पाव भट्टीतून काढला की बुडात सळ्या खुपसून उलटा टांगतात, नाहीतर गरमपणीच स्वतःच्या वजनानं खाली बसतो. पीठ फुगवायला विरजणासारखं जपलेलं जुनं आंबवण लागतं. इटलीत २००५ पासून नियमच आहे : लोणी किमान १६ टक्के, बेदाणे आणि पाकवलेली साल मिळून किमान २० टक्के, अंड्याचा बलक किमान ४ टक्के. त्यामुळे डब्यावर लोण्याऐवजी वनस्पती तेल दिसलं तर हात आखडता घ्या. आमच्यात लोणी होतं. फाडला की रेशमासारखे धागे सुटत होते. पण वरची बाजू कोरडी पडलेली. दुसऱ्या दिवशी तव्यावर लोण्यात परतला, तेव्हा कुठे तो जागा झाला.

त्यातले पिवळट चौकोनी तुकडे आईनं बाजूला काढले, "टुटीफ्रुटी नको मला." टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. हे तुकडे पाकात मुरवलेल्या महाळुंगाच्या सालीचे. अंबाबाईच्या उजव्या खालच्या हातात असतं ना, तेच महाळुंग. हे ऐकल्यावर तिनं ताटलीतले तुकडे परत उचलले. मग कुणीतरी "ह्यात अंडं आहे" म्हणालं आणि ते पुन्हा ताटलीत गेले.

आता पानफोर्ते. हा इटलीतल्याच सिएना शहराचा. चपटा, जड, वर पिठीसाखर, नुसता बघितला तर कुणाचं मन जाणार नाही. आबांची गुळाची अडत होती, चाळीस वर्षं त्यांनी ढेपा पारखल्या. त्यांनी तो हातात घेतला, बोटानं ठोकला, कडेला नख रुतवून बघितलं, वास घेतला. मग एक तुकडा तोंडात, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

"धने घातल्यात की रे ह्यात."

खरंच होते. दालचिनी, लवंग, जायफळ आणि धने. मध-साखरेचा गोळीबंद पाक, त्यात भाजलेले अख्खे बदाम, महाळुंग आणि संत्र्याची साल, पीठ नावापुरतं. पूर्वीचा काळा प्रकार मिरी घालून करत. ही पांढरी तऱ्हा १८७९ मध्ये इटलीची राणी मार्गेरिता सिएनाला आली तेव्हाची, म्हणून नाव पानफोर्ते मार्गेरिता. आबांचा निकाल : "पाक बरोबर उतरवलाय. अजून दोन मिनिटं काहिलीत राहिला असता तर दात पडले असते."

आणि ह्यात अंडं नाही, त्यामुळे गुरुवारी आईनंही खाल्ला. फक्त गंमत झाली. पानेत्तोनेचा कागद काढायचा असतो, तो आबांनी पहिल्या घासाला चावला होता. म्हणून आई शहाणपणानं पानफोर्तेच्या बुडाचा पांढरा पापुद्रा नखानं सोलत बसली. तो खायचाच असतो, पिठाचा असतो. निम्मा सोलून झाल्यावर मी डब्यावरचं वाचलं.

वेरोनाचा पानदोरो नावाचा तिसरा भाऊ आहे, आठ टोकांच्या ताऱ्यासारखा. त्यात फळं नाहीतच, तेव्हा एवढे पैसे घालून मागवायचं मला काही कारण दिसत नाही.

कोल्हापूरकरांना माझं सांगणं एवढंच : पानेत्तोने खायचाच असेल तर मुंबईला गेल्यावर क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास आयात मालाच्या दुकानात खोका हातात घेऊन, तारीख वाचून घ्या. मांडीवर घेऊन या, पार्सल नको. नाताळ उलटल्यावर भाव पडतो का तेही विचारा. मिलानमध्ये उरलेला पानेत्तोने ३ फेब्रुवारीला, संत ब्लेझच्या दिवशी खायची रीतच आहे, तेव्हा उशिराची लाज नको. पानफोर्ते मात्र बिनधास्त ट्रॅव्हल्सनं मागवा. त्याला चेपायला रोड रोलर लागेल.

मी यंदा दोन सांगणार आहे. एक घरात, एक आबांच्या कपाटात. गेल्या वर्षीचा तिथंच संपला, हे आईला अजून माहीत नाही.