शीतगृहाच्या छताला कोणती सीमा अट द्यावी: स्थिर तापमान, उष्णता प्रवाह की संवहन?

रत्नागिरीसारख्या बंदराजवळ मासळीसाठी उणे १८ अंश सेल्सिअसचे शीतगृह बांधायचे आहे, १०० मिलिमीटर जाडीचे पफ (पॉलियुरेथेन फोमचे उष्णतारोधक) पॅनेल ठरले आहे आणि कॉम्प्रेसर निवडण्यापूर्वी छतातून किती उष्णता आत येईल हे सिम्युलेशनने तपासायचे आहे, असे धरू. अशा वेळी जाळी, म्हणजे गणितासाठी पॅनेलचे पाडलेले तुकडे, किती बारीक घ्यावी यावर पुष्कळ विचार होतो. मात्र बाहेरच्या पृष्ठभागाला कोणती सीमा अट लावायची, म्हणजे तेथे उष्णतेबद्दल काय गृहीत धरायचे, हा प्रश्न घाईत उरकला जातो. प्रत्यक्षात उत्तरात खरा फरक पडतो तो याच निवडीने.

पहिला पर्याय स्थिर तापमानाचा. मे महिन्यातील हवा ३३ अंश आहे म्हणून पत्र्यालाही ३३ अंश दिले, तर गणित झटपट सुटते आणि प्रति चौरस मीटर सुमारे ११.४ वॅट उष्णता आत येते असे उत्तर मिळते. या अटीचा अर्थ असा, की पृष्ठभागातून कितीही उष्णता गेली तरी त्याचे तापमान तसूभरही हलणार नाही. उन्हातल्या पत्र्याला हे लागू पडत नाही, कारण तो हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो.

दुसरा पर्याय उष्णता प्रवाहाचा. भर दुपारी ९०० वॅट प्रति चौरस मीटर ऊन पडते आणि जुना, मळकट पत्रा त्याचा ०.७ भाग शोषतो असे मानले, तर ६३० वॅट पत्र्यात शिरतात. एवढीच अट देऊन स्थायी अवस्थेचे (तापमान वेळेनुसार बदलत नाही अशा स्थितीचे) गणित सोडवले तर पत्र्याचे तापमान सुमारे २८०० अंश येते, कारण शोषलेली सगळी उष्णता पॅनेलमधूनच आत गेली पाहिजे असे आपण सॉफ्टवेअरला सांगितलेले असते. त्यातच सर्व बाजूंना केवळ प्रवाहाच्या अटी दिल्या, तर स्थायी अवस्थेत तापमानाची पातळीच निश्चित होत नाही. हीटरची ज्ञात शक्ती आणि सममितीचा छेद (सारख्या दोन अर्ध्यांमधील मधली रेषा) यांसाठी मात्र हीच अट योग्य आहे. सममितीच्या छेदावर प्रवाह शून्य असतो. एक सावधगिरी येथेच नोंदवावी: फायनाइट एलिमेंट पद्धतीत (वस्तूचे छोटे तुकडे पाडून गणित करण्याच्या पद्धतीत) ज्या पृष्ठभागाला कोणतीच अट दिलेली नसते तो उष्णतारोधक मानला जातो, आणि विसरलेली भिंत त्यामुळे निमूटपणे खपून जाते.

तिसरा पर्याय संवहनाचा, म्हणजे पृष्ठभाग आणि वाहती हवा यांच्यातील उष्णतेच्या देवाणघेवाणीचा. येथे पृष्ठभागाचे तापमान आपण सांगत नाही, तर भोवतालचे तापमान आणि संवहन गुणांक (दोहोंतील दर अंश फरकामागे प्रति चौरस मीटर किती उष्णता जाते तो आकडा) सांगतो. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे धरून गुणांक २० वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन घेतला, आणि शोषलेले ऊन या गुणांकाने भागून हवेच्या तापमानात मिळवले, तर भोवतालचे समतुल्य तापमान ६४.५ अंश होते व आत येणारी उष्णता सुमारे १८.२ वॅट भरते. शोषलेल्या ६३० वॅटपैकी सहाशेहून अधिक वॅट हवेला परत जातात, ही गोष्ट फक्त याच अटीत दिसते. पहिल्या पर्यायाच्या तुलनेत हा भार जवळजवळ ६० टक्के अधिक आहे, आणि तेवढ्या फरकाने कॉम्प्रेसर अपुरा पडू शकतो.

कोकणात या पर्यायाची गरज पावसाळ्यात आणखी ठळकपणे जाणवते. बाहेर २७ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असताना दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील वाफेचे पाणी होऊ लागते तो) सुमारे २६.१ अंश असतो. आडोशाच्या भिंतीवर हवा कोंदलेली असून गुणांक ८ असेल, तर पॅनेलचा बाहेरचा पृष्ठभाग २५.८ अंशांपर्यंत उतरतो आणि त्यावर पाणी धरते. सांध्यांत शिरणारा ओलावा पुढे इन्सुलेशन खराब करतो, म्हणून हा प्रश्न गौण नाही. भिंतीला घाम फुटेल का, हे स्थिर तापमानाच्या अटीने विचारताच येत नाही, कारण तेथे जे शोधायचे तेच आधी लिहून दिलेले असते.

स्थिर तापमानाची अट तरीही दोन ठिकाणी निःशंकपणे लावावी. मुसळधार पावसाचे पाणी छतावरून सतत वाहत असेल तेव्हा गुणांक इतका वाढतो की पत्र्याचे तापमान पाण्याच्या जवळ येते. तसेच जमिनीत काही मीटर खाली तापमान वर्षभर फारसे बदलत नाही आणि परिसराच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहते. आतल्या बाजूला मात्र पॅनेलला उणे १८ देऊ नये. ते तापमान आतल्या हवेचे आहे, म्हणून तेथेही संवहनच घ्यावे. किरणोत्सर्ग वेगळा धरायचा असेल तर सर्व तापमाने केल्विनमध्ये असावीत, कारण त्या सूत्रात तापमानाचा चौथा घात येतो.

संवहनाविरुद्धचा रास्त आक्षेप एवढाच, की गुणांक नेमका माहीत नसतो. त्यासाठी वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घेऊन ५.७ अधिक त्याच्या ३.८ पट हे जुने, प्रचलित सूत्र वापरावे आणि मंद व जोरदार अशा दोन्ही वाऱ्यांसाठी गणित करून पाहावे. छत पांढरे रंगवून शोषण ०.३ वर आणले, तर वरील उदाहरणातील भार १८.२ वरून सुमारे १४.३ वॅटवर येतो. रंगाचा खर्च करावा की मोठे यंत्र घ्यावे, हे मालकाला या दोन आकड्यांवरून ठरवता येते.