.३१५ रायफलसाठी स्लिप-ऑन पॅड: दणका कमी होतो, पण माप चुकलं तर नेमही जातो

परवान्यावर मिळणाऱ्या मोठ्या बोअरच्या रायफलींत देशी .३१५ सगळ्यात जास्त दिसते, आणि ती नव्याने खांद्याला लावणाऱ्याची तक्रार ठरलेली असते. दणका फार. मग गनहाउसवाला काउंटरवर एक काळं रबर ठेवतो. दस्त्यावर, म्हणजे रायफलीच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावर, मोज्यासारखं चढवायचं, स्क्रू नाही, कापाकापी नाही, परवान्यावरच्या शस्त्राला हात लावायचं कारण नाही. पॅड साधारण २५ मिलिमीटर जाड असतं. लिंबसेव्हर आणि पॅकमायर ही यातली माहितीतली परदेशी नावं, शिवाय बिननावाचं देशी रबरही मिळतं. परदेशी माल काही हजारांत जातो, देशी काही शेकड्यांत. वस्तू कामाची आहे, पण डोळे झाकून घेण्यासारखी नाही.

आधी दणका किती, ते पाहू. .३१५ चं काडतूस मूळचं ऑस्ट्रियन ८×५० मॅनलिचर. त्याचे जुने आकडे धरले तर गोळी १५.८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ६२० मीटर, दारू पावणेतीन ग्रॅम. नळीतून सुटणारा वायू गोळीपेक्षा जोरात निघतो, त्याचा वेग १,२०० मीटर धरतात. दोन्हींचा संवेग मिळून सुमारे १३ न्यूटन-सेकंद होतो. रायफल साडेतीन किलोची असेल तर ती सेकंदाला पावणेचार मीटर वेगाने मागे येते आणि खांद्यावर साडेचोवीस जूल ऊर्जा टाकते. याच पद्धतीने काढलं तर .३०-०६ ची ११.७ ग्रॅमची गोळी ३.६ किलोच्या रायफलीतून २७ जूल देते. ३२ ग्रॅम छर्ऱ्याचं काडतूस हलक्या बाराबोअरमधून, म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकीतून, २८ जूलच्या घरात जातं. .३७५ मॅग्नम ५० जूलच्या आसपास. .२२ मात्र एक दशांश जूल, म्हणजे खांद्याच्या हिशेबात शून्यच.

बहुतेकांना २० जूलपर्यंतचा दणका सहसा फारसा त्रास देत नाही. अमेरिकी लष्कराच्या चाचणी-नियमांतही पायरी तिथेच आहे: १५ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २० जूल, इथपर्यंत बंधन नाही. २० ते ४१ जूलला माणशी दिवसाला २०० बार, ६१ पर्यंत १००, ८१ पर्यंत फक्त २५, आणि त्यापुढे खांद्यावरून बार नाहीच. हे आकडे सैनिकांचे आहेत. आठवडाभर ऑफिसात बसून रविवारी रेंजवर जाणाऱ्याने २५ जूलच्या रायफलीचे एका बैठकीत वीस बार पुरे मानावेत. त्यानंतर खांदा दुखतो हा भाग लहान. लक्ष्यावरच्या गोळ्यांचा गट पसरू लागतो, तो मोठा. ऑलिंपिक ट्रॅपवाले एका दिवसात शंभरावर काडतुसं फोडतात ती २४ ग्रॅमची, जड बंदुकीतून. तिथे दणका १८ जूलच्या आसपास राहतो. त्यांच्याशी तुलना करून ‘आपला खांदा कमजोर’ असं ठरवू नये.

आता पॅड नेमकं काय करतं? ते ऊर्जा खात नाही म्हटलं तरी चालेल; थोडी खातं, पण खरा फायदा वेळेचा. १३ न्यूटन-सेकंदाचा तोच धक्का कडक बटप्लेटमधून, म्हणजे दस्त्याच्या टोकावरच्या पट्टीतून, समजा ८ मिलिसेकंदांत खांद्यात उतरला, तर सरासरी जोर १,६०० न्यूटनवर जातो. मऊ रबराने तो १४ मिलिसेकंदांवर ताणला की ९३० वर येतो. शिवाय रबर खांद्याचा आकार घेतं, त्यामुळे धारेवर येणारा भार पसरतो. ‘दणका सत्तर टक्के कमी’ अशा पाकिटावरच्या आकड्याचा अर्थ एवढाच, की जोराचं शिखर खाली येतं. रायफल मागे येते ती तेवढ्याच वेगाने, आणि नळीही तेवढीच उचलते.

रबर निवडताना अंगठ्याची परीक्षा पुरते. पाच सेकंद जोरात दाबा आणि सोडा. एक-दोन सेकंदांत सावकाश वर आलं तर चांगलं. टणकन उसळलं तर ते नुसतं उडवणारं रबर आहे. खळगा तसाच राहिला तर साधा फोम, दोन महिन्यांत बसतो. अंगठा थेट तळाला टेकला तर सगळ्यात वाईट, कारण .३१५ च्या झटक्याला ते पूर्ण चेपतं आणि शेवटचा तडाखा लाकडाचाच बसतो. देशी पॅडांतली बरीच या शेवटच्या परीक्षेत नापास होतात. मऊ म्हणजे चांगलं, हा गैरसमज काउंटरवरच तयार होतो.

माप मात्र याहून महत्त्वाचं. ट्रिगरच्या मध्यापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर कारखान्यातून साधारण ३४५ मिलिमीटर येतं. त्यावर २५ मिलिमीटरचं रबर चढलं की ३७०. साडेपाच फुटांच्या, उन्हाळ्यात पातळ शर्टात नेम धरणाऱ्या माणसाला हे लांब पडतं. मग तीन गोष्टी बिघडतात. मान पुढे ताणावी लागते आणि गाल दस्त्यावर नीट बसत नाही. पॅड खांद्याच्या खोबणीत न बसता बाहेर दंडावर सरकतं, म्हणजे दणका हाडावर. आणि रायफलीवरच्या दुर्बिणीत काळी कड दिसू लागल्याने डोकं पुढे सरकतं. दुर्बिणीपासून डोळ्याचं अंतर ७५ ते ९० मिलिमीटर हवं. ते घटलं की भुवईवर अर्धचंद्र उमटतो. पॅड लावल्यावर ‘दणका वाढला’ म्हणणारे असतात, त्यांच्याकडे बहुधा हेच झालेलं असतं. दुर्बीण रिंगांमध्ये मागे घेता येत असेल तर घ्या. नसेल तर १२ ते १५ मिलिमीटरचं पातळ पॅड बरं.

तपासायची पद्धत सोपी आहे. बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामी आहे ना पाहा, मॅगझिन काढता येत असेल तर काढा. पॅड लावून, रेंजवर घालाल तोच शर्ट घालून, डोळे मिटून रायफल खांद्याला आणा. डोळे उघडा. डोकं न हलवता दुर्बिणीत पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. पाच वेळा करून पाचही वेळा मान सरकवावी लागली तर पॅड परत करा.

पाकिटावरच्या स्मॉल-मिडियमवर जाऊ नका, दस्त्याच्या टोकाची उंची आणि रुंदी टेपने मोजून न्या. पॅडची बाही, म्हणजे दस्त्यावर चढणारा भाग, घट्ट हवी. चढवताना आत टाल्कम पावडर टाका. तेल, ग्रीस अजिबात नको, रबर फुगतं. जरा सैल वाटली तर सायकलच्या ट्यूबची तीन बोटं रुंद पट्टी आधी दस्त्यावर चढवा. सैल बाही दहा बारांत खाली लोंबते, खालची टोच पुढे येते आणि नळी वर बघू लागते. बाराबोअरला आणखी एक कटकट: मऊ रबर शर्टात अडकतं. उडत्या लक्ष्यासाठी बंदूक झटकन उचलायची असते, तिथे वरच्या टोकाला इलेक्ट्रिकची काळी टेप लावून ते गुळगुळीत करावं.

ठाणे, वाशी, नेरूळ भागातल्या क्लबांत सराव होतो तो मुख्यतः दहा मीटरच्या एअर रायफलचा. तिच्या ०.५३ ग्रॅम छर्ऱ्याचा दणका एका मिलिजूलच्या आत. त्यामुळे तिथे शिकवतात ती उभं राहण्याची पद्धत वेगळी: कंबर पुढे, पाठ मागे झुकलेली, दस्ता खांद्याच्या बाहेरच्या कडेला. याच मांडणीत .३१५ सोडली तर कुठलंही रबर वाचवणार नाही. पुढचा पाय थोडा वाकवून वजन पुढे घ्या. दस्ता गळपट्टीच्या हाडाखाली आणि खांद्याच्या सांध्याच्या आत, मांसल खोबणीत हवा. तो घट्ट ओढून धरा. खांदा आणि दस्ता यांच्यात पोकळी राहिली की रायफल वेग घेऊन आदळते. बाकावर बसून किंवा पालथं पडून शून्य जुळवताना (गोळी नेमावरच लागेल अशी दुर्बीण लावताना) शरीर मागे हलत नाही, म्हणून तिथे दणका सगळ्यात जास्त लागतो. तेवढ्यापुरती पॅड आणि खांदा यांच्यात वाळूची छोटी पिशवी ठेवावी. रायफल अडकवून मागे वजन लादायचे लोखंडी स्टँड मिळतात. त्यांवर खूप वजन टाकू नये. दस्त्याला मागे जायला जागाच उरत नाही आणि लाकूड दस्त्याच्या मनगटाशी, म्हणजे पकडीच्या बारीक भागाशी, तडकतं.

खांद्यावर पट्ट्याने बांधायची पॅडं हा दुसरा पर्याय. दस्त्याची लांबी तीही वाढवतात, फक्त जाडी कमी असल्याने निभावतं. एकाच माणसाच्या तीन बंदुका असतील तर सोयीची. आपल्या दमट हवेत मात्र घामाने पट्टा सरकतो आणि प्रत्येक बाराआधी जागेवर ओढावा लागतो.

वजन वाढवणं हा तिसरा उपाय, आणि तो सगळ्यात कमी विकला जातो. साडेतीन किलोची रायफल दुर्बीण, माउंट आणि पट्टा धरून चार किलोची झाली की साडेचोवीस जूलचे साडेएकवीस होतात. इथे ऊर्जाच कमी होते, कुठलाही पॅड हे करू शकत नाही. रानात चालायचं नसेल तर आधी हे करा.

अर्ध्याहून जास्त भीती कानातून येते. रायफलीचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. आत फोमचे बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही लावले की तीच रायफल सौम्य वाटते. पॅडच्या आधी यावर खर्च करावा. दचका आहे की नाही हे पाहायला रेंजवरच्या जाणकाराला सांगून खऱ्या काडतुसांत डमी (न उडणारी खोटी काडतुसं) मिसळून भरायला लावा. डमीवर ट्रिगर ओढताना नळी खाली गेली तर दोष मनाचा; महिनाभर .२२ वर परत जा. ज्यांच्या खांद्याजवळ पेसमेकर आहे किंवा डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मोठ्या बोअरला हात लावू नये.

खाडीकाठच्या हवेत या वस्तूचा एक दोष दुकानात कोणी सांगत नाही. बाहीखाली ओल अडकते. जून ते सप्टेंबर पॅड दस्त्यावर तसंच राहिलं तर पॉलिश पांढरं पडतं, बटप्लेटचे स्क्रू गंजतात, आणि काही रबरं जुन्या वॉर्निशवर कायमचा काळा डाग सोडतात. रेंजवरून आल्यावर काढा, दस्ता कोरड्या फडक्याने पुसा, पॅड वेगळं ठेवा. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करायची नोटीस आली तर रायफल पॅडशिवायच जमा करा. आठवडेच्या आठवडे ती कुठल्या कोपऱ्यात उभी राहील यावर आपला ताबा नसतो, आणि पावतीवर रबराची नोंदही होत नाही.