कॅमेरा उत्तम, घड्याळ विसराळू : खिशातल्या कॅमेऱ्याचा काही महिन्यांचा अनुभव

दुरुस्ती केंद्राने हाती दिलेला खर्चाचा अंदाज हे या लिखाणाचे निमित्त आहे. कॅमेऱ्याच्या पोटात तारीख आणि वेळ जपून ठेवणारी नखाएवढी बॅटरी असते. ती निकामी झाली आहे, पण सुटी बदलता येणार नाही, पूर्ण मेन बोर्डच (कॅमेऱ्याचे सारे इलेक्ट्रॉनिक भाग जिच्यावर असतात ती पाटी) बदलावा लागेल, असे त्या कागदावर लिहिले होते आणि त्याखालचा आकडा मी हा कॅमेरा वापरलेला म्हणून ज्या किमतीला घेतला होता तिच्या निम्म्याहून जास्त होता. तपासणीचे पैसे वेगळे, आणि दुरुस्ती करून घेतली नाही तरी ते परत मिळत नाहीत. ज्या कॅमेऱ्याचे कौतुक मी काही महिने दिसेल त्याला ऐकवत होतो, त्याच्याविषयी लिहिताना आता हात थोडा आखडता राहील तो यामुळे.

कॅमेरा २०१२ मध्ये सोनीच्या आरएक्स१०० ने सुरू केलेल्या वर्गातला आहे : याच्यात एक इंची सेन्सर (प्रकाश टिपून चित्र बनवणारा भाग), २४ ते ७० मिमीच्या तोडीचे झूम (रुंद दृश्यापासून थोड्या जवळच्या दृश्यापर्यंत), एफ/१.८ पासून सुरू होणारी, म्हणजे कमी उजेडातही भरपूर प्रकाश आत घेणारी लेन्स आणि बंद केल्यावर खिशात मावणारा देह. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण घड्याळासाठी वेगळी छोटी बॅटरी आत बसवण्याची पद्धत काही एकाच कंपनीची नाही. बाकीचे तपशील वाचकांना ठाऊक असतीलच.

घरातल्या फोटोंसाठी अशा कॅमेऱ्याचा खरा फायदा मला सेन्सरपेक्षा शटरमध्ये जाणवला. लेन्सच्या आतच उघडझाप करणाऱ्या लीफ शटरचा आवाज जवळजवळ होत नाही. माझी आई वर्तमानपत्र वाचताना ओठ हलवते. ते मला तिच्यासमोर बसून टिपता आले, फोन उचलला की मात्र ती ताबडतोब चष्मा काढून ताठ बसते. दुसरे म्हणजे, लेन्स बदलता येणाऱ्या बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांत सेन्सरपुढून सरकणाऱ्या पडद्याच्या शटरमुळे फ्लॅश साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंतच नीट जुळतो. लीफ शटरला ते बंधन नसल्यामुळे खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर भर दुपारी १/१००० सेकंदालाही हलका फ्लॅश टाकता येतो, आणि तरीही मागचे आकाश पांढरेफटक पडत नाही. मुलांसाठी मी किमान शटर १/२५० सेकंद आणि ऑटो आयएसओची (कमी उजेडात कॅमेरा आपोआप वाढवतो त्या प्रकाशसंवेदनशीलतेची) कमाल मर्यादा ३२०० ठेवली आहे; रात्रीच्या दिव्यात दाणे दिसतात, पण हलणारा हात हातासारखा दिसतो. मुख्य बॅटरी लवकर संपते आणि मागचा पडदा उन्हात दिसत नाही, पण या दोन्हींची सवय होते.

सवय होत नाही ती घड्याळाची. मुख्य बॅटरी काढल्यावर वेळ सांभाळण्याचे काम आतली छोटी बॅटरी करते, आणि ती स्वतः मुख्य बॅटरीवरच चार्ज होते. माहितीपुस्तिकेप्रमाणे पूर्ण चार्ज केलेली बॅटरी २४ तास कॅमेऱ्यात ठेवली की छोटी बॅटरीही भरायला हवी. मी ते पुन्हा पुन्हा करून पाहिले. सुरुवातीला मुख्य बॅटरी चार्जरमधून परत येईपर्यंत तरी वेळ टिकायची, पुढे तेवढेही होईना. कॅमेरा सुरू करावा तर लेन्स बाहेर येण्याआधी तारीख विचारणारी चौकट हजर. धाकटी मुलगी पडलेला दुधाचा दात तळहातावर घेऊन धावत आली तेव्हा मी वर्ष, महिना, दिवस, तास असे बाण दाबत बसलो होतो. तोवर दात आजीला दाखवून, कागदात गुंडाळून डबीत गेलाही. ती चौकट न भरता पुढे जाता येते, मात्र मग प्रत्येक फोटोवर कारखान्यात ठरवलेली १ जानेवारी ही तारीख पडते.

एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ कशाला, असे घरातही विचारून झाले आहे. डोंगराच्या किंवा फुलाच्या फोटोला तारीख नसली तर बिघडत नाही, पण घरच्या माणसांच्या फोटोत कोण केव्हा केवढे होते हीच तर निम्मी माहिती असते. ती माहिती १९९५ पासून चालत आलेल्या एक्झिफ नोंदीत प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये साठवली जाते आणि फोन असो वा संगणक, फोटोंची रांग तिच्यावरूनच लावतो. माझ्या संगणकाने दात पडलेल्या मुलीला तिच्या जन्माआधीच्या वर्षात नेऊन बसवले आहे. त्याहून वाईट म्हणजे घड्याळ दर वेळी त्याच १ जानेवारीपासून नव्याने धावू लागते, त्यामुळे वेगवेगळ्या महिन्यांतले फोटो एकमेकांत मिसळतात : वाढदिवसाच्या दोन फोटोंच्या मध्ये सहलीचा एक फोटो, मग पुन्हा वाढदिवस. सुदैवाने फाइलच्या नावातले चार अंक, ०००१ ते ९९९९, घड्याळाबरोबर शून्यावर गेले नाहीत. तारखेऐवजी नावाप्रमाणे रांग लावली की क्रम तरी हाती लागतो.

दुरुस्ती केंद्रात मी एवढेच विचारले की बोर्ड ठणठणीत आहे, छोटी बॅटरी तेवढी टाका. सुटे भाग बदलण्याचे काम येथे होत नाही, असे उत्तर मिळाले. मग कुठे होते, यावर समोरच्या गृहस्थांनी खांदे उडवले आणि तपासणीची पावती पुढे सरकवली. वर, हे मॉडेल आता जुने झाले, नवे घेतलेत तर बरे, असा सल्लाही फुकट दिला. त्या केंद्रात फुकट मिळालेली ती एकमेव गोष्ट. घरी स्वतः उघडून पाहण्याचा मोह अनेकांना होईल, म्हणून सांगतो : फ्लॅशसाठी आत जो कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) असतो तो ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज होतो आणि कॅमेरा बंद केल्यावरही तो भार काही काळ टिकून राहू शकतो. मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला नाही.

येथवरचा मजकूर रागात लिहिला होता आणि त्याखाली कॅमेरा विकून टाकण्याचा निर्णयही लिहिला होता. तो परिच्छेद आता खोडला आहे. कॅमेऱ्याच्या यूएसबी सॉकेटमध्ये जुनी केबल नीट पकड घेत नव्हती, म्हणून मी बॅटरी काढून बाहेरच्या चार्जरमध्ये भरत असे. दरम्यान दुसरी केबल आणली, ती घट्ट बसली आणि बॅटरी आतल्या आतच चार्ज होऊ लागली. बॅटरी बाहेरच येत नाही, त्यामुळे घड्याळ विसरण्याचा प्रश्नही येत नाही. मेमरी कार्ड काढण्या-घालण्याचा वेळेशी काही संबंध नाही, मात्र बॅटरी पार रिकामी होण्याआधी केबल लावायला हवी. हा इलाज आहे, दुरुस्ती नव्हे. सहलीसाठी घेतलेली राखीव बॅटरी खणात पडून आहे आणि तिचे पैसे आठवले की अजूनही चिडचिड होते, पण मेन बोर्डाच्या खर्चापुढे केबलचा खर्च नगण्य आहे.

राखीव बॅटरी घालण्यावाचून गत्यंतर नसेल तेव्हा कंपनीचे ॲप फोनवरून कॅमेऱ्याची वेळ दुरुस्त करते. जोडणी व्हायला लागणारा वेळ पाहता ते घाईच्या कामाचे नाही. मला दुसरी पद्धत अधिक पटली. बॅटरी बदलल्यावर तारखेची चौकट सोडून द्यायची, हवे ते फोटो काढायचे आणि सवड मिळाली की फोनवरच्या घड्याळाचा, तारीख व सेकंद दिसतील असा, एक फोटो काढून ठेवायचा. घड्याळ चुकीच्या क्षणापासून सुरू झाले तरी पुढे बरोबरच चालते, म्हणून त्या एका फोटोवरून फरक नेमका कळतो. मग एक्झिफटूल या मोफत प्रोग्रामने त्या बॅटरीवर काढलेले सगळे फोटो एकाच आज्ञेत तेवढ्या अंतराने पुढे सरकवता येतात. बॅटरी पुन्हा बदलली तर फरकही बदलतो, तेव्हा घड्याळाचा नवा फोटो घ्यावा लागतो.

या वर्गातला वापरलेला कॅमेरा घेणाऱ्यांनी लेन्सवरचे ओरखडे जरूर तपासावेत, पण त्याआधी विक्रेत्याला बॅटरी आदल्या दिवसापासून चार्ज करून कॅमेऱ्यातच ठेवायला सांगावे. भेटल्यावर तारीख-वेळ भरावी, बॅटरी काढून खिशात टाकावी, अर्धा तास इकडच्या तिकडच्या गप्पा माराव्यात आणि मग ती परत बसवून कॅमेरा सुरू करावा. त्याने तारीख विचारली तर किंमत उतरवून मागावी. विक्रेता सोबत राखीव बॅटरीही देऊ करील, पण तिचे वेगळे पैसे मुळीच देऊ नयेत.