डिमेन्शिया: घरी मावशी की केंद्रात आठवडा?

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, असा २०२३चा अंदाज. सांभाळणाऱ्यांना मात्र सुट्टी नाही.

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये अशा आजींना सांभाळणाऱ्या सुनेला थोडा विसावा हवा असेल, तर तिच्यापुढे मार्ग दोन. ब्युरोकडून सांभाळायला पगारी मावशी ठेवली तर आजींची खोली, देवघर, चहाची वेळ बदलत नाही. याचं मोल फार, कारण नव्या जागी गोंधळ वाढतो, संध्याकाळी तर जास्तच. पण मावशी रुळेपर्यंत सून घरातच अडकते. तिला विसावा कुठला?

आजींना आठवडाभर देखभाल केंद्रात ठेवलं तर सुनेला सलग झोप मिळते. नातेवाइकांचे टोमणे मिळतात तेही खरंच, पण ते मनावर घेऊ नयेत.

मी आधी मावशीच ठेवेन. सुनेचं ऑपरेशन वगैरे असेल तर केंद्र; तिथे आधी एक दिवस नेऊन बघावं, औषधांची यादी आणि आजींची रोजची गोधडी सोबत द्यावी.